कूलर बसवला, पण तपासला का?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेणाऱ्यांची गर्दी होते आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांतून खरेदीचे सल्लेही येऊ लागतात. त्या सल्ल्यांत प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती, यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या वाट्याला एखादे वाक्य आले तर येते आणि तो बसवल्यावर तपासायचा कसा, याबद्दल तेवढेही नसते. माझी सूचना अशी की, संगणक जुळवून देणाऱ्या दुकानाने कूलर बसवल्यानंतर पूर्ण भाराखाली अर्धा तास चाचणी घ्यावी आणि खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान व त्या वेळी प्रोसेसरने खेचलेली वीज हे तीन आकडे बिलावर लिहून द्यावेत. तीनही आकडे कशासाठी, एकट्या तापमानाने का भागत नाही, हे सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पंख्यावर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसरची उष्णता उचलून हवेत सोडणे एवढेच त्याचे काम असते. बाजारात ज्याला टॉवर कूलर म्हणतात त्याच्या तांब्याच्या बंद नळ्यांत हवा काढून घेऊन अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने ते कमी तापमानालाच वाफ होऊन वर पत्र्यांकडे जाते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पुन्हा खाली प्रोसेसरपाशी येते. म्हणून प्रोसेसरचे तापमान मोजताना सुरुवात नेहमी खोलीच्या तापमानापासून होते आणि त्यावर, प्रोसेसर जितके वॅट खेचत असेल त्या प्रमाणात, भर पडत जाते.

बहुतेक परीक्षणे वीस-बावीस अंश सेल्सिअसच्या वातानुकूलित खोलीत केलेली असतात. समजा, एखाद्या मध्यम टॉवर कूलरवर दर वॅटमागे तापमान ०.४ अंशाने चढते. प्रोसेसर १८० वॅट खेचत असेल तर ७२ अंशांची भर पडेल. बावीस अंशांच्या खोलीत हा प्रोसेसर ९४ अंशांवर स्थिरावेल आणि परीक्षक त्याला उत्तीर्ण ठरवील. मुंबईत मे महिन्यात दुपारचे तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असते आणि रात्रीही ते २७ च्या खाली फारसे उतरत नाही. तेहतीस अंशांच्या खोलीत तोच हिशेब १०५ वर जातो. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या कोअर आय सेव्हन-१२७०० या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. म्हणजे प्रत्यक्षात तो १०५ पर्यंत पोहोचणारच नाही, त्याआधीच स्वतःचा वेग कमी करून घेईल. संगणक बंद पडत नाही, पडद्यावर इशारा येत नाही, नुसते काम रेंगाळते, आणि ग्राहक विंडोजला दोष देत बसतो. परीक्षणात खोलीपेक्षा किती अंश जास्त, हा फरक छापलेला असेल तर त्यात आपल्या खोलीचे तापमान मिळवून कोणालाही घरबसल्या अंदाज बांधता येतो. आपल्या पुरवणीत असे लेख छापताना निदान हा एक आकडा मागून घ्यावा, ही आपणांस विनंती आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबईच्या दमट हवेमुळे संगणक जास्त तापतो, असे दुकानदारही ठामपणे सांगतात. दमटपणाचा जाच आपल्याला होतो, कारण आपला घाम वाळत नाही. कूलरच्या पत्र्यांना घाम येत नाही, त्यामुळे हवेतली आर्द्रता ६० टक्के असो की ९०, त्यांच्या कामात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. हवामानाच्या बातमीत भासणारे तापमान चाळीसच्या वर दिलेले असते, ते या हिशेबात धरायचे नाही. साध्या तापमापकावरचा आकडा धरायचा. दमट आणि खाऱ्या हवेचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. धूळ ओलसर होऊन पत्र्यांना चिकटून बसते आणि समुद्रालगतच्या घरांत कूलर धरून ठेवणाऱ्या स्वस्त ब्रॅकेटचे स्क्रू गंजतात.

हे सगळे माझ्या मावसभावाच्या संगणकावर पाहिले. तो लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करण्याचे काम करतो. वर उल्लेखलेला आय सेव्हन-१२७०० आणि त्याच्या खोक्यातून आलेला कंपनीचा कूलर, असा संगणक त्याने हिवाळ्यात जुळवून घेतला होता. उन्हाळा लागला तसे चित्रफीत एक्स्पोर्ट करायला, म्हणजे तिची अंतिम फाइल तयार करायला, लागणारा वेळ वाढत गेला. ज्या दुकानातून संगणक घेतला त्यांनी आधी विंडोज फॉरमॅट करून दिले आणि नंतर बायोस (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) उघडून दाखवले, की पाहा, चाळीसच अंश आहे. बायोसमध्ये प्रोसेसरला काही कामच नसते. तिथे चाळीस दिसले म्हणजे कूलर निकामी झालेला नाही, एवढेच फार तर कळते. घरी तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालू ठेवून एक्स्पोर्ट लावला, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत तापमान शंभरला टेकले, वेग साडेचार गिगाहर्ट्झवरून तीनच्या खाली आला आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या, म्हणजे उष्णतेमुळे वेग कमी केल्याच्या, रकान्यात ‘यस’ असे लाल अक्षरांत उमटले.

कॅबिनेट आडवे करून कूलर काढला. कंपनीच्या या कूलरला चार कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या पुश-पिना असतात. २००४ मध्ये इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटबरोबर (सॉकेट म्हणजे मदरबोर्ड या मुख्य सर्किट-पाटीवरची प्रोसेसर बसवायची जागा) आलेली ही पद्धत अजून चालू आहे. पिनेच्या काळ्या टोपीवर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने टोपी फिरवली की पकड सुटते, म्हणून बसवताना ती उलट दिशेला फिरवलेली आहे ना, हे पाहून मग चारही पिना समोरासमोरच्या जोडीने ‘टक्’ आवाज येईपर्यंत सरळ खाली दाबायच्या असतात. इथे तीन पिना पक्क्या होत्या आणि चौथीचे पांढरे पाय मदरबोर्डच्या मागे आलेलेच नव्हते. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली बारीक फट भरण्यासाठी लावलेली पेस्ट पाहिल्यावर तर सांगायला काही उरलेच नाही. तीन कोपऱ्यांकडे ती पातळ होऊन जवळजवळ पारदर्शक झाली होती आणि चौथ्या कोपऱ्याकडे जाड, राखाडी, तिच्यावर कूलरचा ठसासुद्धा उमटलेला नव्हता. मधे हवेची फट होती. तांबे हवेच्या तुलनेत हजारो पटींनी सहज उष्णता वाहून नेते, त्यामुळे एवढ्याशा फटीनेही किती बिघडते हे वेगळे सांगायला नको. ही पिन दुकानातच अर्धवट बसली होती की टॅक्सीतून घरी येताना निसटली, ते कळायला मार्ग नाही. बिलावर चाचणीचे आकडे असते तर तो प्रश्न उरला नसता.

पिन नीट बसवूनही या प्रोसेसरला तो छोटा कूलर पुरला नसता. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी टर्बोच्या, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगाच्या, जोरात हा प्रोसेसर १८० वॅटपर्यंत जातो, आणि हाही आकडा इंटेल स्वतःच देते. म्हणून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्यायचे ठरले. विकत घेण्याआधी दोन मापे पाहायला हवीत. पहिले म्हणजे कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो. असे कूलर बहुधा १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची बाजूची काच त्यांच्यावर अडते. दुसरे माप सॉकेटचे. एलजीए ११५६ पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटांना मदरबोर्डवरच्या छिद्रांमधले अंतर ७५ मिलिमीटर होते. २०२१ च्या एलजीए १७०० पासून ते ७८ झाले आणि प्रोसेसरची सॉकेटवरची उंचीही थोडी कमी झाली. जुने ब्रॅकेट ओढूनताणून बसवले तर कूलर बसल्यासारखा दिसतो, पण दाब पडत नाही. ‘चालतंय साहेब, बसतं ते’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. नॉक्टुआसारख्या काही कंपन्या जुन्या कूलरसाठी नव्या सॉकेटचा संच वेगळा देतात, तो मागवावा. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या एएम ४ सॉकेटवरचे पुष्कळसे कूलर नव्या एएम ५ सॉकेटवर चालतात, पण त्यासाठी कूलरने मदरबोर्डची मूळचीच बॅकप्लेट (मागून आधार देणारी पट्टी) वापरलेली असावी लागते.

जुना कूलर काढण्याआधी संगणक पाचदहा मिनिटे कामाला लावून पेस्ट कोमट करून घ्यावी, मग बंद करून प्लग काढावा. एएम ४ वर तर हे टाळूच नये. तिथे प्रोसेसरच्या पिना सॉकेटमध्ये नुसत्या धरलेल्या असतात आणि कूलर सरळ वर खेचला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो. कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसावी. नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते, लांबट प्रोसेसरवर तेवढ्याच पेस्टची रेघ ओढावी. कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढली आहे ना, हे मात्र दोनदा पाहावे. नव्या संगणकाचे तापमान शंभरला जाण्याचे ते एक ठरलेले कारण आहे आणि कूलर पुन्हा उचलल्याशिवाय ते सापडत नाही.

स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळणे चुकीचे. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने, ते आपोआप अडेपर्यंत आवळावेत, म्हणजे पेस्ट सगळीकडे सारखी पसरते. पंख्याचे तोंड असे असावे की वारा पत्र्यांतून कॅबिनेटच्या मागच्या एक्झॉस्टकडे जाईल. बऱ्याच पंख्यांच्या चौकटीवर त्यासाठी बाण असतो, नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने वारा बाहेर पडतो, हे लक्षात ठेवावे. पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडावी. ती दुसरीकडे जोडली की सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ येते, आणि काही कारागीर वायर बदलण्याऐवजी बायोसमध्ये जाऊन तो इशाराच बंद करून टाकतात. पुढे कधी पंखा खरोखरच थांबला तर सांगणारे कोणी उरत नाही.

आता चाचणीविषयी. दुकानांत ती घेतली जाते तेव्हा संगणक वातानुकूलित काउंटरवर, बाजूचे झाकण काढून ठेवलेला असतो आणि प्रोग्रॅम मिनिटभर चालवून ‘ओके’ म्हटले जाते. या मिनिटात जवळजवळ काहीच कळत नाही. धातू तापायला काही मिनिटे लागतात आणि बंद कॅबिनेटमधली हवा तापून स्थिर व्हायला पंधरा-वीस. शिवाय मदरबोर्ड इंटेलची विजेची मर्यादा पाळत असेल, तर सुरुवातीचा साधारण अर्धा मिनिट सोडला की तो प्रोसेसरला ६५ वॅटवर आणून ठेवतो. मग तापमान छान उतरलेले दिसते आणि श्रेय कूलरला मिळते. उलट पुष्कळ मदरबोर्ड ही मर्यादा काढूनच टाकलेले येतात, आणि चांगला कूलरही त्यांच्यावर नापास होतो. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये तर कूलर कोणता, छोटा, टॉवर की पाण्याचा, असे विचारतात आणि त्या उत्तरावरून वीज किती द्यायची ते ठरवतात. म्हणून तापमानाशेजारी वॅटचा आकडा नसेल तर त्या तापमानाला अर्थ नाही. मावसभावाच्या संगणकावर बायोसमध्ये १२५ वॅटची मर्यादा घातली, कॅबिनेट बंद केले, पंख्याजवळ तापमापक ठेवला आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच आर २३ हा प्रोग्रॅम लागोपाठ अर्धा तास चालू ठेवला. खोली ३२ अंशांवर होती आणि प्रोसेसर ८२ च्या आसपास स्थिरावला. पन्नास अंशांचा फरक आणि १२५ वॅट, म्हणजे दर वॅटला ०.४ अंश. हा आकडा एकदा हाती आला की १८० वॅट दिल्यास काय होईल, ऑक्टोबरच्या उन्हात काय होईल, हे कागदावर मांडून पाहता येते. मर्यादा १२५ वर ठेवल्याने पूर्ण जोराच्या तुलनेत वेग थोडासा कमी मिळतो, पण तो तासभर टिकतो, आणि एक्स्पोर्ट करणाऱ्याला तेच हवे असते.

प्राइम ९५ हा प्रोग्रॅम पुष्कळजण सुचवतात. त्याची सर्वांत कडक चाचणी प्रोसेसरला रोजच्या कोणत्याही कामापेक्षा जास्त तापवते. कूलर नीट टेकला आहे की नाही, हे पटकन उघड करायला ती चांगली. पण तेवढ्यावरून मोठा आणि महागडा कूलर गळ्यात मारला जात असेल तर ग्राहकाने नकार द्यावा. पाण्याच्या कूलरचेही तसेच. तोही शेवटी उष्णता खोलीच्याच हवेत सोडतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाचा हिशेब त्यालाही चुकत नाही.

एक चाचणी झाकण लावून आणि एक झाकण काढून घेतली, तर कूलर आणि कॅबिनेट यांतला दोषी कोण हेही कळते. झाकण काढताच तापमान दोन-तीन अंशांनी उतरले तर ठीक. आठ-दहा अंशांनी उतरले तर कूलर बदलून उपयोग नाही, हवा आत यायला जागा नाही. पुढून सगळी काच असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण हा रोग त्यांच्यात हमखास असतो. आपल्या घरांत तर कॅबिनेट कपाट आणि भिंत यांच्या फटीत किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात जाऊन बसते, आणि स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत राहते. वीतभर पुढे सरकवल्याने जे साधते ते कधीकधी नव्या पंख्यानेही साधत नाही. आणखी एक गोष्ट वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना पटेल. संगणक असलेल्या खोलीतच रात्री कोणीतरी झोपलेले असते. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानानुसार सावकाश चढेल असा लावून घ्यावा, नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखा भसकन वाढतो आणि घरच्यांची झोपमोड होते. त्यासाठी दोन-चार अंश जास्त सोसायला हरकत नाही.

टॉवर कूलर पाऊण ते एक किलोचा असतो आणि उभ्या कॅबिनेटमध्ये तो मदरबोर्डवरून आडवा लोंबकळतो. टॅक्सीच्या डिकीत किंवा टेम्पोत संगणक नेताना कॅबिनेट मदरबोर्ड सपाट राहील असे आडवे ठेवावे, म्हणजे खड्ड्यांतले हिसके ब्रॅकेटवर येत नाहीत. ग्रँट रोडवरून लोकलने उभ्या गर्दीत नेण्याचा बेत असेल तर कूलर घरी जाऊन बसवणेच बरे.

इतका वेळ कोण देणार, असे दुकानदार म्हणतील. गर्दीच्या दिवसांत त्यांची ओढाताण होते हे मी पाहतो, आणि पार्ट विकून सुटणारा नफा किती थोडा असतो याचीही कल्पना आहे. पण चाचणी चालू असताना कोणी शेजारी बसून राहावे लागत नाही. विंडोज टाकून झाल्यावर संगणक तसाही काउंटरवर पडून असतोच. असेंब्लीचे वेगळे पैसे घेतले जातात त्यांत एवढे काम बसायला हरकत नसावी. वातानुकूलित दुकानात चाचणी घेतली तरी चालेल, खोलीचे तापमान खरे लिहिले की झाले. ग्राहकाने घरी तीच चाचणी तेवढ्याच वॅटवर पुन्हा घ्यावी. खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतला फरक बिलावरच्या फरकाशी दोन-चार अंशांच्या आत जुळला तर काम नीट झाले आहे. झाकण काढूनही तो दहा-बारा अंशांनी जास्तच येत असेल तर कूलर प्रवासात हलला आहे किंवा आकडे खोटे आहेत, आणि दोन्ही बाबतींत दुकानात परत जाण्यासाठी हातात कागद आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी अशा बिलाचा एक साधा नमुना तयार करून दिला तर चांगल्या दुकानांना तो वापरायला आवडेल असे वाटते. कच्च्या चिठ्ठीवर भागवणाऱ्यांसाठी एवढेच, की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते आणि पैसे घेऊन केलेल्या जुळणीतली उणीव ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपला,
एक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई